दोन लाइनी आणि एक मोरी

मराठी विभागाला लेख दे, असं आमच्या विंगमधल्या संपादक ताईंनी सांगितलं तेव्हा मी आधी चक्क पळ काढला होता. माझी शाळा कॉन्व्हेंट. घरी आई-बाबांशी, आजीशी मराठीच बोलते, पण लिहायचं म्हटलं की ‘की’ ऱ्हस्व का दीर्घ इथपासून तयारी! पण ताई म्हणाल्या, "कविता सतरा आल्यात, त्यातल्या अकरा पावसावर आहेत. तू आपलं इंटर्नशिपवर लिही." तेव्हा मित्रमैत्रिणींनो, शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्या.

विषय असा: एखाद्या कंपनीची स्वतःच्या आवारातली कॉम्प्युटर यंत्रणा आणि दूरवरचा क्लाउड, या दोघांमध्ये टाकलेली खासगी लाइन. ऐकायला रुक्ष आहे, मान्य. मलाही पहिले दहा दिवस तसंच वाटत होतं. अकराव्या दिवशी नऊ ट्रक गेटवर अडकले, आणि मग तसं वाटेनासं झालं.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी चाकणच्या एका कंपनीत सहा आठवडे इंटर्न होते. कंपनीचं नाव लिहीत नाही. गाड्यांना लागणारे सुटे भाग तिथे बनतात. शॉप फ्लोअरवर प्रेस मशिनं, प्रत्येक पेटीला बारकोड चिकटवणारे प्रिंटर, वजनकाटा, आणि सर्व्हर रूममध्ये पाच-सहा सर्व्हर, हे सगळं आवारात. पण मालाचा साठा, ऑर्डरी, बिलं हा सगळा हिशोब क्लाउडवर, म्हणजे मुंबईत. क्लाउड हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे, त्यात ढगासारखं काही नसतं. दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याने घेतलेले सर्व्हर, बस. भारतात मायक्रोसॉफ्टने २०१५ साली अशी केंद्रं सुरू केली (त्यातलं एक आपल्या पुण्यातच), अॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत, आणि गूगलने २०१७ साली, तेही मुंबईत.

"मग सगळंच तिकडे का नाही हलवत?" असं मी पहिल्याच दिवशी विचारून मोकळी झाले. नेटवर्कचे सर हसले. म्हणाले, "प्रेस मशीन क्लाउडवर कशी नेणार? आणि पेटीला लेबल कोण चिकटवणार, मुंबईहून?" बरोबर आहे. त्यामुळे इकडे पेटी भरली की तिकडे नोंद व्हायला हवी, तिकडे बिल तयार झालं की इकडे प्रिंटर चालायला हवा. दिवसभर दोघांचं बोलणं चालू. ते कुठल्या रस्त्याने चालावं, एवढाच प्रश्न.

सर्वात सोपा रस्ता म्हणजे साधं इंटरनेट. पण कंपनीची बिलं आणि भावपत्रकं उघड्या रस्त्यावरून कोण पाठवणार? म्हणून त्यावर व्ही.पी.एन. घालतात. म्हणजे दोन्ही टोकांना राउटर बसवायचे आणि त्यांच्यामधली प्रत्येक चिठ्ठी कुलूपबंद पाकिटात घालून पाठवायची. काळ्या काचांची गाडी जुन्या मुंबई-पुणे हायवेने चालली आहे असं समजा. आत कोण बसलंय ते कोणाला दिसत नाही. पण खंडाळ्यात ट्रॅफिक तुंबलं की काळ्या काचांचीही गाडी तिथेच उभी! रस्ता सगळ्यांचा, त्यामुळे आज बारा मिलिसेकंद, उद्या चाळीस. कोण जबाबदार? कोणीच नाही.

तुम्ही म्हणाल, मिलिसेकंदांनी काय होतंय? मीही म्हणाले होते. सरांनी मला कागदावर हिशोब करायला लावला. आमचं सॉफ्टवेअर जुन्या वळणाचं. डिस्पॅचचा एक स्क्रीन उघडला की ते क्लाउडवरच्या डेटाबेसला एकामागून एक असे तीनशेच्या आसपास प्रश्न विचारतं, आणि पहिल्याचं उत्तर आल्याशिवाय दुसरा विचारत नाही. (व्हायव्हाच्या परीक्षकांसारखं.) जाऊन-येऊन चार मिलिसेकंद लागत असतील तर तीनशे प्रश्नांना सव्वा सेकंद. चाळीस लागले तर बारा सेकंद. डिस्पॅचचे काका दिवसाला दोनशे वेळा तो स्क्रीन उघडतात. आता गुणाकार तुम्हीच करा. लाइन ‘जाड’ केली म्हणजे हे सुटत नाही, हे मला तिथे पहिल्यांदा नीट समजलं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दोनशे किलोमीटरला एक मिलिसेकंद. ते काही बदलता येत नाही. पण मधली उगाचची वळणं आणि गर्दी टाळता येते.

लाइनीची जाडी वेगळ्या कामाला लागते. दहा टेराबाइटचा बॅकअप शंभर मेगाबिटच्या लाइनीवरून पाठवायचा तर सव्वानऊ दिवस लागतात, तेही लाइन पूर्ण वेळ फक्त तेच करत असेल तर. एक गिगाबिटवर बावीस तास, दहा गिगाबिटवर सव्वादोन तास. हे गणित मी तीनदा तपासलं, कारण पहिल्यांदा बिट आणि बाइटमध्ये घोळ घातला होता. हसू नका, सेमिस्टरला तुम्हीही घातला असेल.

तर, खासगी लाइन. अॅमेझॉनने ही सोय २०११ साली ‘डायरेक्ट कनेक्ट’ नावाने काढली, मायक्रोसॉफ्टची ‘एक्स्प्रेसरूट’ २०१४ पासून, गूगलची ‘क्लाउड इंटरकनेक्ट’. नावं तीन, कल्पना एकच: तुमचा डेटा सार्वजनिक इंटरनेटवर जाणारच नाही. कल्पनाही तशी जुनीच आहे, बँका कित्येक वर्षं लीज्ड लाइन वापरत आल्या आहेत. नवीन एवढंच की दुसरं टोक आपल्याच शाखेत नसून भाड्याच्या इमारतीत आहे.

माझी समजूत अशी होती की चाकणहून थेट अॅमेझॉनच्या नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या दारापर्यंत कोणीतरी वायर ओढत असेल. तसं नसतं. मध्ये एक भेटीची जागा असते. तिसऱ्याच कोणाचं तरी डेटा सेंटर, तिथे एका पिंजऱ्यात क्लाउडवाल्यांचे राउटर, दुसऱ्या पिंजऱ्यात टेलिकॉम कंपन्यांचे, तिसऱ्यात तुमच्यासारख्या ग्राहकांचे. नवी मुंबईत महापे-रबाळे पट्ट्यात अशी डेटा सेंटरं आहेत. आमच्या कंपनीचा बॅकअपचा एक छोटा रॅक एका ठिकाणी होता म्हणून सर मला एकदा घेऊन गेले. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत मी ओढणी गुंडाळून कुडकुडतेय! सुरक्षेच्या चार दारांमधून गेल्यावर सरांनी वर, ट्रेमधून जाणाऱ्या पिवळ्या वायरींच्या जुडग्याकडे बोट दाखवलं. "ही बघ तुझी खासगी जोडणी." पिवळी, चार्जरच्या वायरपेक्षाही बारीक, एका रॅकपासून दुसऱ्या रॅकपर्यंत वीस-पंचवीस मीटर. मला खरं सांगायचं तर थोडं वाईटच वाटलं. एवढ्यासाठी एवढे पैसे?

ही पिवळी वायर जोडायलाही कागद लागतो. क्लाउड कंपनी तुम्हाला एक पत्र देते: अमुक इमारत, अमुक रॅक, अमुक पॅनेल, अमुक पोर्ट, इथे यांची वायर लावायला आमची परवानगी आहे. ते पत्र डेटा सेंटरवाल्यांना दाखवलं की त्यांचा माणूस शिडी घेऊन येतो. अॅमेझॉनच्या बाबतीत आख्खं पोर्ट ऑर्डर केलं आणि नव्वद दिवसांत जोडलं नाहीत, तरी भाडं चालू होतं. म्हणजे कागद टेबलावर विसरून गावाला जायची सोय नाही.

आख्खं पोर्ट मोठ्या कंपन्या घेतात: एक, दहा, शंभर गिगाबिट, आणि आता काही ठिकाणी चारशेसुद्धा. आमच्यासारख्या मध्यम कंपन्या टेलिकॉम कंपनीने आधीच जोडून ठेवलेल्या मोठ्या लाइनीतला पन्नास, शंभर, दोनशे मेगाबिटचा वाटा घेतात. आमचा शंभरचा होता. एकाच तंतूवर अनेक गिऱ्हाइकांची वाहतूक चालते, पण प्रत्येकाच्या पाकिटावर वेगळा नंबर मारलेला असतो, व्हीलॅनचा. थिअरीत आपण ‘८०२.१क्यू’ म्हणून पाठ करतो ना, तेच! मेसमधल्या डब्यांना रूम नंबरची चिठ्ठी लावतात तसं.

वायर लागली म्हणजे बोलणं सुरू झालं असं नाही. कोणता पत्ता कोणत्या बाजूला आहे हे दोन्ही राउटरनी एकमेकांना सांगावं लागतं. ते काम बी.जी.पी. करतो. १९८९ सालचा हा प्रोटोकॉल, जेवणाच्या टेबलावरच्या कागदी नॅपकिनांवर त्याचा पहिला आराखडा लिहिला गेला असं सांगतात, आणि आजही सगळं इंटरनेट त्याच्यावर चालतंय. त्याचा स्वभाव संथ आहे. समोरचा ठरावीक वेळ बोलला नाही, तरच तो ‘गेला’ असं मानतो, आणि हा वेळ बहुतेक ठिकाणी नव्वद ते एकशे ऐंशी सेकंद ठेवलेला असतो. मधेच कुठेतरी टेलिकॉम कंपनीचा स्विच असला, तर पलीकडची वायर तुटूनही आपल्या राउटरचा दिवा हिरवाच राहतो आणि बी.जी.पी. तीन मिनिटं वाट बघत बसतो. यावर उपाय म्हणजे बी.एफ.डी. नावाची सोय. ती दर सेकंदाला तीन-चारदा ‘आहेस ना?’ विचारते आणि तीन उत्तरं चुकली की सेकंदाच्या आत बोंब ठोकते. मात्र ती दोन्ही टोकांना चालू करावी लागते.

पत्त्यांचा घोळ हा वेगळा अध्याय आहे. आपल्या होस्टेलमध्ये ए आणि बी दोन्ही बिल्डिंगमध्ये २१४ नंबरची खोली आहे, आणि कुरिअरवाला दर वेळी कोणाचं पार्सल कोणाला देतो ते आपण जाणतोच. खासगी नेटवर्कचे पत्ते तसेच. दहा पासून सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे, असे तीन गट सगळ्या जगाला मोफत दिलेले आहेत, त्यामुळे सगळं जग तेच वापरतं. इंटरनेटवर एकमेकांची भेटच होत नाही म्हणून भांडण नाही. पण खासगी लाइन टाकली की दोन बिल्डिंगा एक होतात आणि दोन २१४ समोरासमोर येतात! आमच्याकडे एका वजनकाट्याचा पत्ता आणि क्लाउडवरच्या एका सर्व्हरचा पत्ता एकच निघाला. काटा बदलणं सोपं वाटेल, पण त्याचा पासवर्ड माहीत असलेले गृहस्थ तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले होते. शेवटी क्लाउडवाला सर्व्हर हलवला.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात उशिरा कळली. खासगी म्हणजे कुलूपबंद नव्हे. काळ्या काचांची गाडी आठवते ना? खासगी लाइन म्हणजे स्वतःचा रस्ता खरा, पण गाडीच्या काचा साध्या, आरपार! लाइनीवरून जाणारा डेटा आपोआप सांकेतिक होत नाही. टेलिकॉम कंपनीच्या ज्या ज्या पेटीतून तो जातो, तिथल्या माणसाने ठरवलं तर तो वाचता येतो. म्हणून शहाणे लोक खासगी लाइनीवरूनसुद्धा व्ही.पी.एन. चालवतात, किंवा निदान सॉफ्टवेअरच्या पातळीवर टी.एल.एस. लावतात. मॅकसेक नावाचा तिसरा प्रकारही आहे, त्यात वायरीच्या दोन टोकांनाच कुलूप लागतं. अॅमेझॉनने तो २०२१ साली दहा आणि शंभर गिगाबिटच्या पोर्टांसाठी दिला. वाट्याने लाइन घेणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याचा काय उपयोग!

आणि खासगी म्हणजे न तुटणारी, असंही नव्हे. इथे माझं चित्र येतं.

पहिल्या आठवड्यात मला काम दिलं होतं, नेटवर्कचा जुना आराखडा नव्याने काढायचा. लाइनी दोन होत्या, दोन वेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या. एक बंद पडली तर दुसरी, असा सरळ विचार. मी मन लावून चित्र काढलं. मध्ये फॅक्टरी, वर मुंबईचा ढग, डावीकडून निळी लाइन, उजवीकडून हिरवी. दोन्हींच्या मध्ये चांगलं वीतभर अंतर. खाली ठळक अक्षरात ‘दुहेरी व्यवस्था’ अशी टीप. सरांनी शाबासकी दिली आणि ए-थ्री कागदावर प्रिंट काढून सर्व्हर रूमच्या दाराशेजारी चिकटवलं. मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला.

अकराव्या दिवशी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, अकरा चाळीसला डिस्पॅचमधून फोन आला की स्क्रीन गोठला. मग स्टोअर्समधून. मग सगळीकडून. सर राउटरसमोर बसले. निळी लाइन बंद. ठीक आहे, हिरवी आहे की! हिरवीही बंद. दोन्ही एकाच मिनिटाला. सरांना वाटलं राउटरच गेला, म्हणून तो बंद-चालू केला, त्यात वीस मिनिटं गेली. मग दोन्ही कंपन्यांना फोन. दोघांकडेही ‘तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’.

बातमी आणली ती डिस्पॅचच्या काकांनी, तीही चहाच्या टपरीवरून. सर्व्हिस रोडला पावसाळ्याआधीचं गटाराचं काम चालू होतं आणि जेसीबीने केबल तोडली होती. काका म्हणाले, "दोन्ही केबली मोरीतनंच जातात ना, मग एक घास घेतला की दोन्ही जाणारच." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मला मोरी म्हणजे एकच माहीत होती, आजीच्या घरातली, कपडे धुवायची! केबल मोरीतून कशाला नेतील? सर एवढ्या टेन्शनमध्ये असूनही हसले. रस्त्याखालून पाणी जायला जो छोटा पूल बांधतात, त्यालाही मोरी म्हणतात, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कळलं. आमच्या गेटपासून चारशे मीटरवर ओढा आहे, त्यावर एकच मोरी, आणि ती ओलांडायला दुसरी जागा नाही. म्हणून निळ्या कंपनीने केबल तिथून नेली, आणि चार वर्षांनी हिरव्या कंपनीनेही तिथूनच नेली. माझ्या चित्रात दोघींमध्ये वीतभर अंतर होतं. जमिनीत दोन पाइप एकमेकांना चिकटून होते.

गेटवर ट्रक जमायला लागले. बिल क्लाउडवरून येतं, बिलाशिवाय ई-वे बिल नाही, आणि त्याशिवाय ट्रक गेटबाहेर काढायचा नाही. माल भरलेला, ताडपत्री बांधलेली, आणि एका कागदासाठी सगळं उभं. सरांनी मला सिक्युरिटी केबिनमध्ये बसवलं, ड्रायव्हर लोकांना समजावून सांगायला. एक वयस्कर ड्रायव्हर काका होते, सोलापूरकडचे. म्हणाले, "पोरी, मुंबईला तार तुटली का?" म्हटलं, "नाही काका, इथंच, मोरीपाशी." "मग इथला माल हितंच मोजायला मुंबईची तार कशाला लागती?" याला माझ्याकडे उत्तर होतं, तीन पानांचं, पण त्या उन्हात ते देववेना. त्यांना परतीचा माल रांजणगावला भरायचा होता, पाचच्या आत पोचलं तरच. नाहीतर गाडी रिकामी परत, आणि रिकाम्या फेरीचं डिझेल कोण देणार?

इकडे सरांनी निर्णय घेतला की फाइव्ह-जीच्या एका राउटरवरून इंटरनेट घ्यायचं आणि त्यावर व्ही.पी.एन. उभारायचं. म्हणजे जो रस्ता आपण गर्दीचा म्हणून सोडला होता तोच! क्लाउडच्या बाजूला गेटवे तयार व्हायलाच अर्धा तास गेला. दोनच्या सुमारास बोगदा जोडला गेला. पिंग चालला, आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि डिस्पॅचचा स्क्रीन काही उघडेना. पिंग व्यवस्थित, लॉगिनचं पान येतं, पण बिलाचं पान अर्धवट येऊन अडकतं. पाऊण तास आम्ही सगळं तपासलं. फायरवॉल, पत्ते, पासवर्ड. शेवटी सरांनी कपाळावर हात मारला.

झालं होतं असं. नेटवर्कवरून जाणारं पाकीट साधारण पंधराशे बाइटचं. व्ही.पी.एन. त्याला आणखी एका पाकिटात घालतं, म्हणजे बाहेरचं पाकीट पंधराशेपेक्षा मोठं. ते पुढच्या फटीतून जात नाही. ‘याचे तुकडे करू नका’ असा शिक्का आतल्या पाकिटावर असेल तर ते टाकूनच देतात. ‘मोठं झालं, लहान पाठव’ असा निरोप खरं तर परत यायला हवा, पण मधल्या फायरवॉलने तसले निरोप बंद करून ठेवलेले असतात. पिंगचं पाकीट छोटं, म्हणून ते आरामात जातं आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. उपाय एका ओळीचा: दोन्ही बाजूंनी तेराशे पन्नासच्या आसपासच तुकडे पाठवायचे असं राउटरला सांगायचं. तीन वाजून पाच मिनिटांनी पहिलं बिल प्रिंटरमधून बाहेर आलं. एवढ्या प्रेमाने मी आजवर कुठल्याच कागदाकडे पाहिलं नव्हतं, हॉल तिकिटाकडेसुद्धा.

ट्रक एकेक करून गेले. सोलापूरचे काका सव्वातीनला निघाले. पण चाकण-शिक्रापूर रस्ता तुम्हाला माहीतच आहे. पोचले की नाही, मला कळलं नाही. ग्राहक कंपनीने उशिराचा दंड किती लावला तेही मला कोणी सांगितलं नाही. त्या आठवड्यात कोणी मला काही बोललंही नाही, आणि तेच जास्त लागलं. माझी चूक अशी काही नव्हती, मी होतं तेच काढलं होतं, असं रूममेट म्हणते. पण ‘दुहेरी’ हा शब्द मी माझ्या मनाने लिहिला होता. कुठून जाते हे मी कोणालाही विचारलं नव्हतं.

पुढे वाचन केलं तेव्हा कळलं की चुकायला चाकणची मोरीच लागते असं नाही. २ सप्टेंबर २०२१ ला सकाळी साडेसातच्या सुमारास टोकियोत अॅमेझॉनची डायरेक्ट कनेक्ट सेवाच बिघडली. कोणी काही खणलं नव्हतं. भेटीच्या जागेपासून क्लाउडच्या इमारतींकडे जाणाऱ्या वाटेवर, अॅमेझॉनच्या स्वतःच्या नेटवर्कमध्ये, राउटरांचा एक थर आहे. त्यातली काही उपकरणं पाकिटं टाकून द्यायला लागली. कारण काय, तर फायबर तुटलं तर लवकर सावरता यावं म्हणून आणलेल्या एका नव्या प्रोटोकॉलमध्येच दोष दडून होता! ठरावीक प्रकारची पाकिटं आली की तो जागा व्हायचा. सगळं सुरळीत व्हायला दुपारचे पावणेदोन झाले. जपानमधल्या बँका, शेअर दलाल, विमान कंपन्या यांना त्याचा फटका बसला. आणि गंमत बघा, त्या सहा तासांत टोकियोच्या क्लाउडकडे जाणारं साधं इंटरनेट आणि त्यावरचं व्ही.पी.एन. व्यवस्थित चालू होतं. ज्यांनी ती वाट राखीव ठेवली होती ते तिकडे वळले. ज्यांच्याकडे दोन खासगी लाइनी होत्या, पण दोन्ही त्याच थरातून जाणाऱ्या, ते आमच्यासारखेच बसून राहिले. त्यांची मोरी अॅमेझॉनच्या इमारतीत होती, एवढाच फरक.

म्हणून आता कोणी ‘आमच्याकडे दोन लाइनी आहेत’ म्हटलं की मला चार-पाच प्रश्न सुचतात. कंपन्या दोन, पण खड्डा एक आहे का? भेटीच्या जागा दोन आहेत का, की एकाच इमारतीतले दोन पोर्ट? एक्स्प्रेसरूटमध्ये मायक्रोसॉफ्ट स्वतःच्या टोकाला दोन राउटरवर दोन जोडण्या देतं, पण त्या टोकापासून फॅक्टरीच्या गेटपर्यंतचा शेवटचा तुकडा दुहेरी करणं आपल्याच हातात असतं. राउटर दोन आहेत, पण त्यांचे प्लग एकाच बोर्डात? आणि मुख्य म्हणजे, पहिली लाइन मुद्दाम उपटून दुसरी चालते का हे शेवटचं कधी पाहिलं? हा प्रश्न मी एका मीटिंगमध्ये विचारला तेव्हा सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले.

शेवटच्या आठवड्यात सरांनी मला डिस्पॅचच्या काकांबरोबर पाठवलं. केबलची वाट प्रत्यक्ष बघून ये, म्हणाले. काकांच्या स्कूटरवर मागे बसून मी वही घेऊन निघाले. फायबर जिथून जाते तिथे थोड्या थोड्या अंतरावर कंपनीच्या नावाचे छोटे खांब पुरलेले असतात, ते तोपर्यंत मला कधी दिसलेच नव्हते. आता सगळीकडे तेच दिसतात, आपल्या होस्टेलच्या मागच्या गेटजवळही दोन आहेत. आम्ही पाच किलोमीटरवरच्या टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत गेलो. मोरीपाशी निळ्या आणि हिरव्याचे खांब शेजारी शेजारी, मध्ये माझी चप्पल आडवी बसेल एवढी जागा. पुढे नाक्यावर निळी डावीकडे जाते, हिरवी सरळ, आणि एक्स्चेंजच्या कंपाउंडच्या आत जाताना दोघी पुन्हा एकाच भोकातून. तेही वहीत लिहिलं.

हिरव्या कंपनीला मागच्या बाजूने, ओढ्याच्या पलीकडून केबल आणायला सांगितलं आहे. मध्ये एका शेतकऱ्याचा बांध आहे, त्याची परवानगी मिळाली की काम. तोपर्यंत मोरीच्या या बाजूच्या मोबाइल टॉवरकडून रेडिओ लिंकवर इंटरनेट घेतलं आहे, त्यावर व्ही.पी.एन. कायम चालू असतं आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी सर दोन्ही वायरी स्वतःच्या हाताने काढून ठेवतात. पहिल्या शनिवारी मी होते. बी.जी.पी.ने पावणेतीन मिनिटं घेतली, कारण टेलिकॉमच्या टोकाला बी.एफ.डी. चालू करायची राहिली होती. पुढच्या खेपेला किती घेतली ते सरांना विचारायचं आहे.

नवीन चित्र मी जाण्याच्या आदल्या दिवशी दिलं. त्यात ढग एका कोपऱ्यात आहे आणि कागदाचा निम्मा भाग त्या पाच किलोमीटरच्या रस्त्याने व्यापला आहे. मोरी लाल रंगात. जुनं चित्र काकांनी दाराजवळून काढलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. मागची बाजू कोरी आहे, गाड्यांच्या नोंदीला उपयोगी पडेल, म्हणाले.